मोदकाच्या कळ्या पडेनात: मानेचे दुखणे आणि हातातून जाणारे बळ

खळ्यातली_तुळस

नमस्कार. मी मालवण तालुक्यातील एका वाडीत राहते, वय 47. गेली 11 वर्षे आमसुले, आगळ, फणसपोळी आणि सणाच्या दिवसांत उकडीचे मोदक करून देण्याचा माझा घरगुती व्यवसाय आहे. हा धागा मानेच्या दुखण्याबद्दल असला तरी मला खरे विचारायचे आहे ते हाताबद्दल.

यंदाच्या चतुर्थीला मोदकांची मागणी नेहमीपेक्षा जास्त होती. पहिल्या दिवशी सारे ठीक होते. दुसऱ्या दिवशी पारीला कळ्या पाडताना पारी फाटू लागली. मी आधी पिठीला दोष दिला, मग उकडीला, मग पाण्याला. शेजारी बसलेली माझी जाऊ त्याच उकडीच्या पारीला शांतपणे एकसारख्या कळ्या पाडत होती, तेव्हा लक्षात आले की दोष पिठीत नसून माझ्या बोटांत आहे. उजव्या हाताचे मधले बोट आणि थोडीशी तर्जनी यांच्या टोकांवर कोणी पातळ फडके गुंडाळावे तसे वाटत होते. पारी किती पातळ झाली हे बोटाला कळतच नव्हते. त्यानंतर उकड मळताना तळहाताने रेटा दिला की कोपरातून हात लटका पडू लागला, आणि लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडण्यासाठी मला मुलाला हाक मारावी लागली.

मान मात्र मे महिन्यापासूनच दुखत होती. फणसपोळीच्या दिवसांत दिवसभर खाली मान घालून रस पसरावा लागतो, त्यानंतर भाताची लावणी आली, त्यामुळे मी त्या दुखण्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मानेला एक तेल आणि हाताला दुसरे, असे माझे दोन स्वतंत्र आजार चालले होते. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला की खांद्यापासून बोटापर्यंतची कळ कमी होते, म्हणून मी येता-जाता तशी बसते. सासूबाई म्हणाल्या, “गो, डोक्यार हात घेवन कित्याक बसलंस?” घरात काही वाईट बातमी आली की काय, असे त्यांना वाटले.

ज्यांना दाखवले त्या डॉक्टरांनी वयोमानाचे कारण सांगून शक्तीच्या गोळ्या दिल्या. मी हाताचा विषय काढला नाही आणि त्यांनीही विचारले नाही. मानेमुळे हाताचे काम इतके बिघडू शकते का? आणि दुखण्यापेक्षा काम अडल्यामुळे आधी घाबरलेल्या माझ्यासारख्या आणखी कोणी आहेत का?

हर्णै_बंदर

ताई, माझ्या आईची हकिकत तुमच्यासारखी सुरू झाली आणि वेगळ्याच ठिकाणी संपली, म्हणून लिहितो. आईने हर्णै बंदरावरील लिलावात मासळी घेऊन आसपासच्या गावांत विकण्याचे काम 30 वर्षे केले. डोक्यावर पाटी आणि पायी वाट, हे तिचे आयुष्य. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात रात्री बधिर होऊ लागला. ती झोपेतून उठून हात झटकत बसायची, मग थोडे बरे वाटायचे. मासा साफ करताना कोयती हातातून निसटू लागली.

सगळ्यांनी एकमुखाने पाटीला दोष दिला. मानेचा एक्स-रे काढला, त्यात झीज दिसली, आणि मग कोणालाही दुसरे काही शोधावेसे वाटले नाही. आईने कित्येक महिने मानेला पट्टा बांधला. पुढे शिरांची विद्युत तपासणी झाली तेव्हा कळले की शीर मानेत नव्हे तर मनगटात दाबली गेली होती. मनगटावर लहानशी शस्त्रक्रिया झाल्यावर रात्रीचे उठणे थांबले. मान अजूनही दुखते, पण ती निराळी गोष्ट आहे.

म्हणून माझे म्हणणे इतकेच की मान दुखते आणि हात बधिर होतो, या दोन गोष्टी एकाच स्त्रीच्या शरीरात आहेत म्हणून त्या एकमेकींमुळेच आहेत असे समजू नये.

फिजिओ_रत्नागिरी

दोन्ही प्रतिसाद वाचून सविस्तर लिहावेसे वाटले. मी भौतिकोपचार करते, माझ्याकडे येणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतात, आणि “हातात दम नाही” हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते.

मानेत मणके 7 असले तरी तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या 8 आहेत. त्यांपैकी पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे तंतू आणि पाठीचा पहिला तंतू एकत्र येऊन खांद्याखाली एक जाळे तयार होते, आणि खांद्यापासून नखापर्यंतचा हात बहुतांशी या जाळ्यावर चालतो. प्रत्येक तंतूचा मुलूख साधारण ठरलेला आहे. पाचवा तंतू हात बाजूला उचलतो. सहावा कोपर वाकवतो, मनगट वर उचलतो, आणि त्याची संवेदना अंगठ्याकडे जाते. सातवा कोपर सरळ करतो आणि मधल्या बोटाला संवेदना देतो. आठवा बोटे मिटतो, म्हणजे मूठ आवळतो, आणि करंगळीची बाजू सांभाळतो. पहिल्या पाठतंतूकडे बोटे फाकवणारे तळहातातील बारीक स्नायू आहेत.

आता तुळसताईंचे वर्णन पुन्हा वाचा. मधल्या बोटाचे टोक जाड वाटते, आणि उकड रेटताना कोपर लटके पडते. रेटा देणे म्हणजे कोपर सरळ करणे. हे दोन्ही सातव्या तंतूच्या मुलखातले आहे, आणि मानेत दाबल्या जाणाऱ्या तंतूंमध्ये सातव्याचा क्रमांक सर्वांत वर लागतो, त्याखालोखाल सहाव्याचा. डोक्यावर हात ठेवल्याने बरे वाटणे हीदेखील आमच्या तपासणीतील एक ओळखीची खूण आहे. तसा हात ठेवला की दाबलेल्या तंतूवरील ताण सैल होतो. तेव्हा ताई डोक्याला हात लावून बसल्या होत्या खऱ्या, पण त्यात निराशा नव्हती, शरीराने स्वतःच शोधलेला उपाय होता. तरीही प्रत्यक्ष हात लावून पाहिल्याशिवाय मी निदान करत नाही.

हर्णैकरांच्या मातोश्रींची लक्षणेही बोलकी आहेत. रात्री जाग येणे आणि हात झटकल्याने बरे वाटणे हे मनगटातील शीर दाबल्याचे नेहमीचे लक्षण आहे, आणि तेथे बधिरता अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्या भागात असते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये बराच जास्त आढळतो. गरोदरपण, मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता यांत तो वाढतो. मानेच्या विकारात मात्र वर पाहिले, किंवा दुखऱ्या बाजूला मान कलवून मागे नेली, की कळ हातात उतरते, कारण त्या स्थितीत तंतू बाहेर पडण्याचे छिद्र आणखी अरुंद होते. ज्या बाईला दांडीवर कपडे वाळत घालताना किंवा माळ्यावरून हंडा काढताना हातात चमक येते, तिची मान मी आधी तपासते. त्यासाठी आम्ही मान तशी कलवून वरून दाबून पाहतो; ही परीक्षा कृपया घरी एकमेकींवर करू नये.

दोन्ही एकत्र असू शकतात का, हा प्रश्न जुना आहे. 1973 साली अप्टन आणि मॅकॉमस यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये असे मांडले की मानेपाशी दाबलेली शीर पुढे मनगटाशीही लवकर त्रास देऊ लागते. या कल्पनेवर आजही वाद आहे. कामाच्या दृष्टीने त्यातून मी एकच गोष्ट घेते, की एक कारण सापडले म्हणून दुसरे तपासायचे सोडू नये.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांमध्ये कोणताही तंतू दाबलेला नसतो, तरीही हात थकतो. असे का होते? खांद्याचा फरा, म्हणजे पाठीवरचे पसरट हाड, हाडांनी धडाला फारसा जोडलेला नाही. तो मुख्यतः स्नायूंवर टांगलेला आहे आणि त्यातील मोठे स्नायू वर मानेला व कवटीला बांधलेले आहेत. म्हणजे हात उचलणे, पुढे धरून ठेवणे किंवा वजन उचलणे यांतील प्रत्येक क्रियेची ओढ मानेवर येते. मान दुखरी असली की मेंदू त्या स्नायूंना पूर्ण जोर लावू देत नाही, फरा नीट स्थिर होत नाही, आणि ज्याचा पाया डगमगतो त्या हाताने पकड घट्ट कशी बसावी? अशा वेळी मूठ कमजोर वाटते, पण बिघाड मुठीत नसतो. सर्वांत आधी अडतात ती हात वर धरून करायची कामे: वेणी घालणे, कपडे वाळत घालणे, फळीवरचे डबे काढणे.

वेंगुर्ला_गर

मी वेंगुर्ल्याकडील एका काजू प्रक्रिया युनिटमध्ये पर्यवेक्षक म्हणून काम केले आहे. बी फोडणाऱ्या बाईचा पाय पट्टीवर असतो, एका हाताने ती पात्यांमध्ये बी धरते आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवून गर सोडवते. सोलणाऱ्या बायका तर छोट्या चाकूने गराची साल काढत तासन्‌तास खाली पाहत बसतात. मजुरी किलोवर असल्यामुळे कोणी मान वर करत नाही. मान वर केली की तेवढे गर कमी, हा सरळ हिशोब आहे.

माझ्या पाहण्यात आलेली गोष्ट अशी की या बायका “मान दुखते” असे कधी सांगत नाहीत. त्या सांगतात की हल्ली तुकडा जास्त पडतो. अखंड गराला भाव असतो आणि तुकड्याला कमी, त्यामुळे बोटांची नजाकत गेल्याचे मालकाला डॉक्टरच्या आधी कळते. दुर्दैवाने मालक त्याला निष्काळजीपणा म्हणतो. मीही काही वर्षे तसेच म्हणत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

साटेली_१२

वाचते आहे, कारण माझा प्रश्नही हाच आहे. खूण ठेवते.

निवृत्त_वैद्यक

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक सावधगिरी नोंदवतो. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेमध्ये किंवा एमआरआयमध्ये झीज, फुगलेली चकती, हाडाचे काटे हे सर्व ज्यांना कसलाही त्रास नाही अशा अनेकांमध्येही दिसते. त्यामुळे चित्रात झीज दिसली की सर्व दोष तिच्या माथी मारण्याची आपली सवय घातक आहे. मला माझ्या सेवेच्या पहिल्या काळातील स्वतःच्या चिठ्ठ्या आठवल्या की संकोच वाटतो.

हात बधिर होण्यामागे ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह आणि थायरॉइड यांची तपासणी व्हावी. मधुमेही स्त्रीचा खांदा आखडला असेल तर तो मानेचा भाग नसून खांद्याच्या सांध्याचा स्वतंत्र विकार असू शकतो. आणि डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येऊन सोबत घाम, धाप किंवा मळमळ असेल तर मानेचा विचार बाजूला ठेवून तत्काळ हृदयासाठी रुग्णालय गाठावे. स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका नेहमीच्या छातीतील कळेविनाही येतो आणि “पित्त झाले असेल” म्हणून घरीच वेळ जातो.

तारकर्ली_वाट

वरील प्रतिसादांत एक गोष्ट राहिली आहे आणि ती आमच्या घरात घडली आहे, म्हणून थोडे लांब लिहितो.

माझ्या आईची मान फारशी दुखतच नव्हती. वय 62. प्रथम तिला पोलक्याचे हुक लावायला वेळ लागू लागला. मग चहाचा कप दोन वेळा हातातून पडला. मग फुलांची वेणी करणे तिने आपण होऊन सोडले; “आता डोळ्यांना दिसत नाही” असे सांगितले, आणि आम्ही तिला चष्म्याच्या दुकानात नेले. दोन्ही हात सारखेच जड झाले होते, पण कळ नसल्यामुळे कोणालाच घाई वाटली नाही. चिऱ्याच्या पायऱ्या उतरताना ती भिंत धरू लागली तेव्हा आम्ही गुडघ्यांचे औषध आणले. या काळात तिला दोन ठिकाणी तपासले गेले आणि दोन्ही ठिकाणी तिच्याशी नव्हे तर माझ्याशी बोलणे झाले. तिला काय करता येत नाही हे कोणी तिलाच विचारले असते, तर हुकांची गोष्ट तिने पहिल्याच दिवशी सांगितली असती.

शेवटी गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरने तिला 10 सेकंदांत दोन्ही मुठी जितक्या वेगाने जमतील तितक्या उघडझाप करायला सांगितले. निरोगी माणूस 20 किंवा त्याहून अधिक वेळा करतो. आईचे आकडे त्याच्या निम्म्यावर थांबले, आणि शेवटची दोन बोटे नीट उघडतही नव्हती. एमआरआयमध्ये दिसले की मानेत एखादा तंतू नव्हे, तर मज्जारज्जूच दाबला गेला होता. शस्त्रक्रिया झाली. चालणे सुधारले, हुक अजून सून लावते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की या शस्त्रक्रियेचा पहिला हेतू पुढचे नुकसान थांबवणे हा असतो, गेलेले सगळे परत येईलच असे नाही. त्यामुळे उशिराची किंमत आम्ही रोज पाहतो.

गावातील एका जाणत्या माणसाकडून तिची मान झटका देऊन मोकळी करून घ्यायची, असे मधल्या काळात आमचे ठरले होते. पाऊस लागला म्हणून ते राहिले. त्या पावसाचे आम्ही आजही आभार मानतो.

फिजिओ_रत्नागिरी

तारकर्लीकरांनी लिहिले ते प्रत्येक घरात वाचले जावे. दोन्ही हातांचे कौशल्य जाणे, चाल अडखळणे, लघवी-शौचावरील ताबा बदलणे, किंवा एखाद्या हाताचा अशक्तपणा दिवसागणिक वाढणे, यांत व्यायाम आणि तेल यांना जागा नाही. थेट तज्ज्ञाकडे जावे. कर्करोगाचा इतिहास, ताप, अकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल तरीही तेच. अशा मानेला झटका कोणीही देऊ नये.

“काय करता येत नाही” हे विचारण्याची साधने आमच्याकडे आहेत, परंतु ती आपल्या अंगणात थोडी परकी वाटतात. मानेसाठी 1991 साली तयार झालेली 10 प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते, तिचे एकूण गुण 50. तिच्यात वाचन आणि गाडी चालवणे यांवर एकेक प्रश्न आहे. आमच्याकडील कितीतरी बायका गाडी चालवत नाहीत आणि वाचायला त्यांना सवड नसते. म्हणजे त्या दोन प्रश्नांवर त्या आपोआप निरोगी ठरतात किंवा प्रश्नच गाळला जातो. हातासाठी 30 प्रश्नांची ‘डॅश’ नावाची प्रश्नावली आहे; तिच्यात घट्ट झाकणाची बरणी उघडणे, किल्ली फिरवणे, स्वयंपाक करणे अशा गोष्टी आहेत. मानेच्या रुग्णालाही मी ती देते, कारण मानेच्या प्रश्नावलीत हात जवळजवळ नाहीच. त्याशिवाय मी स्वतःचे काही प्रश्न जोडते: आडाळ्यावर, म्हणजे खवणीच्या विळीवर, एक पूर्ण नारळ न थांबता खवता येतो का, विहिरीतून भरलेली कळशी किती वेळा ओढता येते, लावणीच्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापता येते का. त्यांना गुण देता येत नाहीत, पण पुढच्या भेटीत तुलना करता येते.

स्त्रियांमध्ये मानेचे दुखणे पुरुषांपेक्षा जास्त आढळते, ही गोष्ट जगभरच्या पाहण्यांतून वारंवार दिसली आहे. मानेचे स्नायू सरासरीने बारीक असतात आणि 15 लिटरचा हंडा मात्र सर्वांना 15 किलोचाच लागतो. डोके स्वतःच साधारण 4.5 ते 5 किलोचे असते. मान 60 अंशांत वाकवली की तिच्यावर सुमारे 27 किलोचा भार येतो, हा मोबाइलवर सतत फिरणारा आकडा 2014 सालच्या एका संगणकीय प्रतिमानातून आला आहे, कोणाच्या मानेत काटा बसवून मोजलेला नाही. तरीही वाकण्याबरोबर भार वाढतो ही दिशा बरोबर आहे. यावर माझे मत असे की आपण आडाळा, चूल आणि धुण्याचा दगड हे सारे जमिनीवर ठेवतो आणि मग बाईला बसण्याची योग्य पद्धत शिकवतो, हा उलटा क्रम आहे.

तंतू दाबल्यामुळे झालेला हाताचा त्रास बहुतेकांमध्ये शस्त्रक्रियेशिवाय काही आठवड्यांत ते काही महिन्यांत कमी होतो. पट्टा फार दिवस बांधू नये, कारण त्याने स्नायू आणखी दुबळे होतात. मानेच्या पुढच्या बाजूचे खोलवरचे लहान स्नायू आणि फऱ्याला धरून ठेवणारे स्नायू बळकट करणे हा व्यायामाचा गाभा आहे. हनुवटी आत ओढण्याचा सोपा दिसणारा व्यायाम चुकीचा केला तर कळ हातात वाढते. कळ बोटाकडे उतरू लागली तर थांबावे, आणि वर मानेकडे सरकू लागली तर ते बहुधा चांगले लक्षण समजावे.

हर्णै_बंदर

आडाळा जमिनीवर, हे वाचून आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, मग बंदरावरील लिलाव टेबलावर होतो का ते विचार.

खळ्यातली_तुळस

सर्वांचे आभार. आज 7 आठवड्यांनंतर लिहिते आहे.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा मानेच्या आधी मी हाताचे सांगितले: झाकण, कोपर, कळ्या. त्यांनी माझा कोपर वाकवून, “मला ढकला” असे सांगितले, आणि डाव्या हाताने त्यांना मागे रेटले तरी उजव्या हाताने ते हललेच नाहीत. सातवा तंतू, असेच त्यांनीही सांगितले. साखर, थायरॉइड आणि ब-12 तपासले. ब-12 कमी निघाले आणि त्याचे औषध सुरू आहे, म्हणजे निवृत्त वैद्यकांचेही म्हणणे वाया गेले नाही. मुठींची उघडझाप 10 सेकंदांत 24 वेळा झाली तेव्हा तारकर्लीकरांच्या आईची आठवण होऊन मला सुटल्यासारखे वाटले, आणि त्याची थोडी लाजही वाटली.

व्यायाम रोज दोन वेळा करते. आडाळा आता पडवीतील बाकावर बांधून घेतला आहे आणि मी उभी राहून खवते. सासूबाईंना ते पाहवत नव्हते. नारळ उभ्याने खवायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे होते. परवा त्यांनी स्वतःच तेथे उभे राहून अर्धा नारळ खवला आणि काही न बोलता आत गेल्या. कपडे वाळत घालायची दांडी मुलाने हातभर खाली घेतली आहे. खर्च दोरीचा.

रात्रीची कळ गेली आहे. कोपराचा रेटा बराच परत आला आहे. बोटाचे फडके मात्र अजून पूर्ण सुटलेले नाही. संवेदना सर्वांत शेवटी येते असे माझ्याबाबतीत तरी दिसते आहे. फिजिओताई, हे अपेक्षित आहे का, ते कृपया सांगावे.

संकष्टीला 21 मोदकांची मागणी होती. चौदापर्यंत कळ्या नीट पडल्या, पंधराव्याला बोट जाड वाटू लागले आणि पारी फाटली. तेव्हा हट्ट न करता उरलेले 7 जावेकडे दिले.

फिजिओ_रत्नागिरी

अपेक्षित आहे. बळ आधी आणि बोटाच्या टोकाची जाणीव मागाहून, असा क्रम मी पुष्कळदा पाहते. जाणीव स्थिर आहे किंवा हळूहळू सुधारते आहे तोवर काळजी नाही, बधिरता वाढत असेल तर पुन्हा दाखवावे. चौदा हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि पुढील संकष्टीला मोजणी चौदाव्यापासून नव्हे, पहिल्यापासून करा.

वेंगुर्ला_गर

तुळसताई, बाकाची उंची किती ठेवली ते कळवाल का? आमच्याकडे सोलणाऱ्या बायकांसाठी एक टेबल करून पाहायचे आहे, आणि मालकाला मोजमापाशिवाय काही पटत नाही.

खळ्यातली_तुळस

मी सरळ उभी राहून कोपर काटकोनात वाकवला तेव्हा तो जमिनीपासून जेथे आला, त्याच्या चार बोटे खाली. सुताराने पट्टी लावली तेव्हा आडाळ्याचे पाते 36 इंचांवर आले. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. तुमच्या बायकांची प्रत्येकीची वेगळी असेल, तेव्हा टेबलाखाली सरकवायला दोन-तीन जाडीच्या फळ्या करून घ्या.